एकाच जागेवरची दोघं

मी मराठीची शिक्षिका. विज्ञानाशी माझा संबंध स्टाफरूमपुरता, पण शब्दांच्या मागे लागायची खोड जुनी. 'समस्थानिक' हा शब्द मला पहिल्यापासून आवडतो. सम आहे स्थान ज्यांचं ते. मूळ 'आयसोटोप' या ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या नावाचा अर्थही तोच. १९१३ साली फ्रेडरिक सॉडी यांनी ते नाव रूढ केलं; सुचवलं होतं मार्गारेट टॉड या डॉक्टर लेखिकेने. (बाईंचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, हे आपलं जाता जाता!)

स्थान म्हणजे आवर्तसारणीतलं. ते प्रोटॉनच्या संख्येवर ठरतं. आयोडीनचे प्रोटॉन ५३. आपल्या मिठातल्या आयोडीनच्या केंद्रकात त्यांच्यासोबत ७४ न्यूट्रॉन असतात. ते ७८ झाले की आयोडीन-१३१. फरक अवघ्या चार न्यूट्रॉनांचा, पण पहिलं स्थिर आणि दुसरं किरण फेकत आठ दिवसांत निम्मं होणारं. इलेक्ट्रॉन मात्र दोघांचे सारखेच, आणि रसायनाचे सगळे व्यवहार इलेक्ट्रॉनच बघतात. त्यामुळे शरीराला ही दोघं वेगळी ओळखूच येत नाहीत.

हे सगळं मी वाचून काढलं ते २०१९ साली, धाकट्या बहिणीला थायरॉइडचा कर्करोग झाला तेव्हा. शस्त्रक्रियेनंतर उरल्यासुरल्या पेशींसाठी आयोडीन-१३१ द्यायचं ठरलं. त्याआधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद. आजाराचं नाव ऐकून गप्प बसलेली बहीण मासे बंद म्हटल्यावर मात्र चिडली! पण कारण साधं होतं. पेशी आयोडीनसाठी भुकेल्या हव्यात, म्हणजे समोर येईल ते आयोडीन त्या ओढून घेतात.

हीच गफलत १९८६ साली चेर्नोबिलच्या मुलांना भोवली. गवतावर पडलेलं आयोडीन-१३१ गाईच्या दुधातून त्यांच्या गळ्यापर्यंत पोचलं. शेजारच्या पोलंडने तातडीने लाखो मुलांना साधं आयोडीन पाजलं. जागा आधीच भरलेली असली की दुसरं शिरणार कुठे?

बहीण दवाखान्यात एकटी राहिली. भरपूर पाणी प्यायचं, लिंबाच्या गोळ्या चघळायच्या, जेवण दाराशी. घरी आल्यावरही काही दिवस नातवाला जवळ घ्यायचं नव्हतं. मी तिला फोनवर हिशेब समजावत होते. आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव...

"ताई, ते निम्मं-पाव तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली, "बाळाला कधी घेऊ ते सांग."

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर तिने कॅलेंडरात लाल गोल काढून ठेवला होता.