रीस्टार्ट न करता

डेटाबेस सांभाळणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती रीस्टार्टची. सर्व्हर बंद करायचा म्हणजे मंजुऱ्या, मध्यरात्रीची वेळ आणि पुन्हा चालू झाल्यावर रिकामी कॅश. म्हणून सर्व्हर चालू असताना सेटिंग बदलता येणं मला आमच्या कामातली फार मोठी सोय वाटते. मायएसक्यूएलची 5.7 आवृत्ती येईपर्यंत बफर पूल, म्हणजे ही डेटाची कॅश, वाढवायला सर्व्हर थांबवावाच लागे. आता एक 'सेट ग्लोबल' पुरतं.

त्याला लगेच 'ओके' येतं, पण काम तेव्हा कुठे सुरू व्हायचं असतं. चालू ट्रान्झॅक्शन्स संपेपर्यंत बफर पूलचा आकार बदलायला सुरुवातच होत नाही, आणि सुरुवात झाली की नव्यांना थांबावं लागतं. म्हणून आधी मी लांबलेली ट्रान्झॅक्शन्स शोधते. कोणाचा मोठा रिपोर्ट चालू असेल तर तो संपू देते. आकडाही मागितला तोच मिळेल असं नाही. पूल 128 एमबीच्या तुकड्यांनी बनतो आणि पूलच्या प्रत्येक इन्स्टन्सला सारखे तुकडे लागतात. 16 इन्स्टन्स असताना 9 जीबी मागा, सर्व्हर 10 जीबी घेतो. रॅम काठोकाठ भरलेली असेल तर हा एक जीबी महागात पडतो.

बदल कोणापर्यंत पोचला हेही बघावं लागतं. वेट टाइमआउट 28800 सेकंदांवरून 600 वर आणला, तरी आधीपासून जोडलेली कनेक्शन्स जुन्याच आकड्यावर चालत राहतात. ॲप्लिकेशनने कनेक्शन पूल धरून ठेवला असेल तर हा जुना काळ बराच लांबतो.

माझी खरी काळजी मात्र पुढे, कधीतरी होणाऱ्या रीस्टार्टची असते. 'सेट ग्लोबल'ने केलेला बदल फक्त मेमरीत राहतो. महिन्यांनी सर्व्हर दुसऱ्याच कारणाने बंद पडून उठला की जुना आकडा परत येतो, आणि तेव्हा तो बदल करणारा माणूस रजेवर असतो. 8.0 मधल्या 'सेट पर्सिस्ट'ने यावर चांगला तोडगा काढला: बदल मेमरीतही होतो आणि डेटा डिरेक्टरीतल्या वेगळ्या फाइलीतही लिहिला जातो. ती फाइल बाकीच्या कॉन्फिग फाइलींनंतर वाचली जाते. हे ठाऊक नसलेला सहकारी नेहमीची फाइल दुरुस्त करतो आणि आकडा का बदलत नाही म्हणून तासभर डोकं धरून बसतो.

पोस्टग्रेसमध्ये धोका उलट्या बाजूने येतो. 2014 च्या 9.4 पासून तिथे 'ऑल्टर सिस्टम' आहे. शेअर्ड बफर्सचा आकडा त्याने बदलला तर तो फाइलीत जातो, पण रीस्टार्टशिवाय लागू होत नाही. मशीनच्या रॅमपेक्षा मोठा आकडाही मुकाट्याने लिहिला जातो. मग एखाद्या पॅचसाठी सर्व्हर बंद केला की तो उठतच नाही, आणि सगळे पॅचला दोष देत बसतात. रीस्टार्टची वाट बघत असलेल्या सेटिंगची नोंद सिस्टम व्ह्यूमध्ये असते. कुठल्याही पॅचआधी ती बघितलीच पाहिजे, असं मी टीममधल्या प्रत्येकाला सांगते.

मायएसक्यूएलचा अनोळखी सर्व्हर हाती आला, की परफॉर्मन्स स्कीमातून आधी 'डायनॅमिक' अशी नोंद असलेली सेटिंग्ज काढते. कोणत्या यूजरने, कधी बदल केला, ते शेजारीच लिहिलेलं असतं. जे आकडे फाइलींशी जुळत नाहीत, त्यांसाठी फोन करून विचारते: हे तात्पुरतं होतं की राहू द्यायचंय?