बोक्याचा कोरडा शिधा

मेहकरातील आमच्या एकत्र कुटुंबात माणसे चौदा आणि बोका एक. त्याचे नाव पंत. सात वर्षे तो दूधभातावर वाढला, अशी आमच्या मातोश्रींची समजूत. गेल्या चैत्रात पुण्याच्या पुतण्याने मांजरांच्या कोरड्या दाण्यांची पिशवी आणली आणि अस्मादिकांच्या शास्त्रीय संशोधनास प्रारंभ झाला.

पहिला सिद्धान्त असा की, डबा खडखडताच मार्जाराची बधिरता तत्काळ नष्ट होते. दुसरा सिद्धान्त : बोक्याचे पोट जितके भरलेले, उंदीर तितके निर्भय. महिन्याभरात कोठीतील ज्वारीची दोन पोती कुरतडली गेली!

तिसरा सिद्धान्त मात्र हसण्याजोगा ठरला नाही. ऐन वैशाखात पंत वरचेवर मातीत जाऊन बसू लागला. केविलवाणे ओरडे, पण थेंबही उतरेना. बद्धकोष्ठाचे निदान करून मी एरंडेल शोधू लागलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पुरे झाले प्रयोग! आधी डॉक्टरांकडे न्या त्याला."

मूत्रमार्ग तुंबला होता. नळी घालून तो मोकळा केल्यावर डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता, तर हाती लागला नसता." माझी वही खिशातच राहिली.

त्यांनी समजावून सांगितले ते असे : मांजराचे पूर्वज वाळवंटी रानमांजर, त्याची तहान मंद, पाणी मिळावयाचे ते भक्ष्यातूनच. उंदराच्या देहात शेकडा सुमारे ७० भाग पाणी, कोरड्या दाण्यांत जेमतेम १०. दाणे विष नव्हेत. पण ही तूट मांजर पाणी पिऊन पुरती भरून काढीत नाही.

"मी सांगतच होते, दूधभात बरा!" मातोश्री विजयी मुद्रेने म्हणाल्या. परंतु मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, आणि टॉरिन नावाचे द्रव्य त्यांना मांसातूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास त्यांचे हृदय दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले आहे, असे मी त्यांस सांगितले.

"मग सात वर्षे हा जगला कसा?"

सर्वांच्या नजरा कोठीकडे वळल्या.

"म्हणजे मेला चोरून बाहेर जेवत होता तर!" असे म्हणून मातोश्रींनी माझ्याकडे रोखून पाहिले. खामगावच्या हॉटेलातील आम्लेट आठवून मी मान खाली घातली.

आता पंताचे दाणे पाण्यात भिजवून देतात. उन्हाळ्यात पाण्याच्या घागरी मोजून वापरणाऱ्या मातोश्री पहिली वाटी पंतासाठी काढतात. सोवळ्यात असल्यामुळे ती दुरूनच सरकवतात, एवढेच.