उंच आसनावरून

मराठीत प्रवासवर्णनाची चर्चा निघते तेव्हा लेखकाची दृष्टी, त्याची बहुश्रुतता, त्याची शैली, त्याचा विनोद यांविषयी पुष्कळ बोलले जाते. तो कशात बसून गेला, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. जणू वाहन हा मजकुराबाहेरचा तपशील. मला अलीकडे याच्या उलट वाटू लागले आहे. निवेदक जमिनीपासून किती उंचीवर आहे, किती वेगाने चालला आहे आणि त्याच्या व बाहेरच्या हवेच्या मध्ये काय आहे, या तीन गोष्टींवरूनच त्याला काय सांगता येईल हे बरेचसे ठरून जाते. 'दृष्टिकोन' हा शब्द आपण समीक्षेत इतका लाक्षणिक अर्थाने वापरतो, की त्यात खरोखरीचा एक कोन असतो हे विसरायला होते.

गोडसे भटजी १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या 'माझा प्रवास'मध्ये माणसे, भीती, भूक, दक्षिणा आणि वाटेवरच्या मुक्कामांचे तपशील इतक्या जवळून येतात, याचे एक कारण पायी चालणाऱ्याला यांतले काहीच टाळता येत नाही हे असावे. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, आगगाडीने त्या देशात पुष्कळ हिंडल्या आणि १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने परतल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याच्या नावातच 'लोकस्थिती' आधी आहे आणि 'प्रवासवृत्त' नंतर. आगगाडी त्यांना गावाच्या मध्यभागी उतरवी. तिथून पुढे लोकांची घरे, सभा आणि संस्था. त्यांच्या लेखनाचा भरही तिथेच आहे.

हे सारे सुचायला निमित्त झाले ते तसे घरगुतीच. जून २०२४ मध्ये माझे आईवडील वाईहून आमच्याकडे शिकागोजवळ आले होते. बाबा निवृत्त मराठी शिक्षक, वय शहात्तर. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत जाण्याच्या विकारामुळे गेली काही वर्षे त्यांना समोरचे नीट दिसत नाही, कडेचे दिसते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नाहीसा होतो आणि त्याच्या खुर्चीचे हात मात्र शाबूत राहतात, असे ते सांगतात. आईचे गुडघे दुखतात. थोरली बहीण कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. तिच्याकडे विमानाने जाण्याचा बेत बाबांनी मोडीत काढला. "विमानाने गेलो तर मधला देश राहूनच जाईल," ते म्हणाले. आम्ही दोघे, दोन मुले आणि हे दोघे अशी सहा माणसे, त्यांचे सामान, औषधे, डबे. त्याच वसंतात आम्ही एक मोठी एसयूव्ही घेतली होती: तीन रांगा, लांबी एकोणीस फुटांच्या जवळपास, वजन पावणेतीन टनांच्या आसपास. तिचा पहिला लांबचा प्रवास हाच. इंटरस्टेट ८० हा महामार्ग धरून पश्चिमेकडे सुमारे एकवीसशे मैल.

या जातीच्या गाडीचे कूळ जुने आहे. शेव्हरोले कंपनीने १९३५ मध्ये मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर आठ माणसांची बंद गाडी चढवली आणि तिला 'सबर्बन' हे नाव दिले. ते नाव आजही चालू आहे. रस्त्याची कथाही अशीच मालवाहतुकीची आणि लष्कराची. १९१९ मध्ये अमेरिकन सैन्याचा एक मोटारताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्याला बासष्ट दिवस लागले. चिखल, खचलेले पूल आणि मोडलेल्या गाड्या यांतून सरासरी वेग ताशी सहा मैलांच्या आसपास पडला. त्या ताफ्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण लेफ्टनंट कर्नल होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये त्यानेच एक्केचाळीस हजार मैलांच्या महामार्ग-जाळ्याच्या कायद्यावर सही केली. ज्या अंतराला ताफ्याला दोन महिने लागले त्यातला बराचसा भाग आम्ही पाच दिवसांत, चहाच्या थर्माससह, ओलांडणार होतो.

गाडीविषयी तक्रार करण्यासारखे काही नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. दार उघडले की बाहेर येणारी पायरी आईला सोयीची होती. मधल्या रांगेत बाबांना पाय लांब करता येत होते. टाकीत शंभर लिटरहून अधिक पेट्रोल मावत होते. गॅलनला एकोणीस मैल, म्हणजे लिटरला आठ किलोमीटर, हा हिशेब मनातल्या मनात करून आम्ही गप्प बसत होतो. आतली शांतता विलक्षण होती. ताशी पंचाहत्तर मैलांवरही आईची डुलकी मोडत नसे. उंचीचाही लाभ होता. नेब्रास्कात प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जाताना महामार्गाचे कठडे ओलांडून नजर दूर जाई. आभाळ इतके मोठे, की त्यात एकाच वेळी दोन वेगळे पाऊस पडताना दिसत.

अडचण वेगळीच निघाली. बाबा खिडकीशी बसून विचारीत, "काय दिसतंय?" आणि ते सांगण्याचे काम गाडी चालवता चालवता माझ्याकडे येई.

"मका."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"केवढा झालाय?"

मला सांगता येईना. मका गुडघ्याएवढा आहे की कमरेएवढा, हे त्या आसनावरून कळत नव्हते. उंचावरून खाली पाहिले की सगळ्याच गोष्टी ठेंगण्या होतात आणि त्या वेगाला कोणतेही एक रोप डोळ्यांपुढे टिकत नाही. आयोवातल्या पवनचक्क्या सांगता आल्या, कारण त्या प्रचंड होत्या आणि बराच वेळ समोर राहत. त्या राज्याची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते, हे ऐकून बाबांना आपले साताऱ्याकडचे चाळकेवाडीचे पठार आठवले. पण लिंकन ते ग्रँड आयलंड हा सत्तरेक मैलांचा जवळजवळ सरळ पट्टा लागला तेव्हा माझे निवेदन पार आटले. "काही नाही, बाबा. सपाट आहे सगळं."

"काही नाही असं काही नसतं गं," ते शांतपणे म्हणाले. वर्गात निबंधाची वही परत देताना ते याच स्वरात बोलत असावेत.

न पाहू शकणाऱ्याला सांगणे ही प्रवासवर्णनाची खरी कसोटी आहे, असे मला त्या दिवशी वाटले. आपण एरवी वाचकासाठी लिहितो असे म्हणतो, पण त्याने छायाचित्रे पाहिलेली असतात, आता तर चित्रफितीही. आपण नुसते नाव घेतले तरी उरलेले तो भरून काढतो. बाबा काहीच भरून काढत नव्हते. त्यांना विशेषणे नको होती. उंची, रंग, अंतर, माणसे काय करताहेत, एवढेच हवे होते; आणि नेमके तेवढेच त्या थंड, नीरव, उंच खोलीत पोहोचत नव्हते.

कर्नीला आम्ही थांबलो. तिथे महामार्गाच्या डोक्यावरूनच एक कमान गेली आहे आणि तिच्या आत या वाटेचा इतिहास मांडला आहे. एकोणिसाव्या शतकात ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेली कुटुंबे याच नदीकाठाने गेली: सुमारे दोन हजार मैल, चार ते सहा महिने, दिवसाला पंधराएक मैल. छताच्या गाड्या त्यांच्याकडे होत्या, पण गाडीत सामान असे. तिला स्प्रिंगा नसत, बैलांवरचा भारही कमी ठेवायचा असे. त्यामुळे बहुतेक माणसे गाडीच्या बाजूने चालत गेली. माझ्या मुलाने हे मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे गाडी सामानाची आणि प्रवास पायांचा." वारीतही ट्रक पुढे सामान घेऊन जातो आणि दिंडी मागून चालते, त्यांना त्यात नवल वाटले नाही.

तिथून पुढे आम्ही थांबे वाढवले. वायोमिंगमध्ये शायेन सोडल्यावर हा महामार्ग आपल्या सर्वोच्च बिंदूला पोहोचतो. उंची ८,६४० फूट, आणि तिथे लिंकनचे भव्य शिर एका दगडी चौथऱ्यावर बसवलेले आहे. आत बसून मला एवढेच सांगता आले असते. दार उघडले आणि वाऱ्याने ते हातातून ओढून घेतले. बाबा पायरीवरून सावकाश उतरले, टोपी हातात धरून उभे राहिले आणि मला काही विचारलेच नाही. उलट तेच सांगू लागले: वारा डावीकडून आहे, गवत वाळलेले आहे, पाइनच्या चिकाचा वास येतोय, मालट्रक चढावर गिअर बदलताहेत, हवा विरळ आहे म्हणून दम लागतोय. आम्ही चौघे डोळस माणसे लिंकनचे फोटो काढत होतो.

त्याच दिवशी पुढे एका पेट्रोल पंपावर घडलेली गोष्ट साधीच आहे, पण ती माझ्या मनातून गेलेली नाही. मी आसनावर बसून पावती तपासत होते. इंजिन बंद होते. बाबा माझ्या मुलीचा हात धरून गाडीच्या पुढे गेले. पुढच्या जाळीवर चिकटलेले किडे किती आहेत, ते दोघे बोटांनी मोजणार होते. बाबांची टोपी बॉनेटच्या वर दिसत होती. नऊ वर्षांची मुलगी मुळीच दिसत नव्हती. मग बाबा वाकले आणि तेही नाहीसे झाले. समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्याचे चित्र उमटवल्यावर दोघे दिसली: एकमेकांशी काहीतरी बोलत, हसत, माझ्यापासून अवघ्या सहा-सात फुटांवर.

समोरचे दिसत नाही, कडेचे दिसते. बाबांना डोळ्यांमुळे जे झाले आहे, ते त्या आसनावर बसणाऱ्या प्रत्येकाला गाडीच्या घडणीमुळे होते. फरक एवढाच, की बाबांना ते ठाऊक आहे आणि म्हणून ते हात पुढे करून चालतात. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या गाडीची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. या गाड्या वाढत गेल्या त्यामागे केवळ हौस नाही. १९७५ च्या कायद्यातून इंधनबचतीचे जे नियम आले, त्यांत मोटारी एका वर्गात आणि 'हलके ट्रक' दुसऱ्या, सौम्य वर्गात पडले. आणि एसयूव्ही बहुतांशी दुसऱ्या वर्गात मोजली गेली. कागदावर ट्रक, दारात कुटुंबाची गाडी. आत बसलेल्यांची सुरक्षितता आणि बाहेर उभ्या असलेल्यांचा धोका ही एकाच उंचीची दोन नावे आहेत. ज्या दोन माणसांसाठी ती उंची आम्ही विकत घेतली होती, तीच त्या दुपारी बाहेर उभी होती.

यावरून गाडी विकून टाकावी असा निष्कर्ष मी काढलेला नाही. ती नसती तर आईला बसवले नसते आणि बाबांना मधला देश मिळाला नसता. पण निवेदकाच्या उंचीविषयी आपण वर्गात जे बोलतो ते मला आता अधिक शब्दशः कळते. सर्वज्ञ निवेदकाला क्षितिज दिसते. पायाशी वाकलेले मूल दिसत नाही.

चौथ्या दिवशी युटातले मिठाचे मैदान लागले. सॉल्ट लेक सिटी मागे पडल्यावर रस्ता नेवाडाच्या सीमेपर्यंत जवळजवळ रेषेसारखा जातो आणि दोन्ही बाजूंना नुसता पांढरा विस्तार. रेस्ट एरियात उतरून आम्ही चपला काढल्या. पायाखाली मीठ कुरकुरत होते. बाबांनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवले. समोर काय आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, पांढरे, आणि फार दूरवर डोंगरांची निळी कड. ते हसले. "मग इथं तुला आणि मला सारखंच दिसतंय."

रोज रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर बाबा त्या दिवसाचे टिपण सांगत आणि माझा मुलगा ते आपल्या तोडक्यामोडक्या देवनागरीत टंकून घेई. वाईला परतल्यावर बाबांनी ते पुन्हा वाचून घेऊन दुरुस्त केले आणि मला पाठवले: चौदा पाने. त्यात शायेनचा वारा आहे, मिठाची चव आहे, जाळीवरचे एकवीस किडे आहेत, आयोवात एका पंपावर आईला कॉफीऐवजी गरम पाणी देणारी बाई आहे आणि तिने पैसे घेतले नाहीत याची नोंद आहे. एकवीसशे मैलांच्या त्या वृत्तात गाडीपासून वीस पावलांपलीकडचे क्वचितच काही आहे आणि गाडीच्या आतले जवळजवळ काहीच नाही. गाडीविषयी एकच वाक्य आहे: "गाडी उत्तम होती; तिच्यातून उतरायला पायरी होती."