घंटा नसलेलं चित्र

चित्राचं नाव ‘उएस्काची घंटा’, आणि अख्ख्या चित्रात घंटाच नाही. चित्रांचं पुस्तक चाळताना मी तिथेच अडकले. होसे कासादो देल अलिसाल या स्पॅनिश चित्रकारानं १८८० मध्ये ते रंगवलं. डावीकडे आरागॉनचा राजा दुसरा रामिरो, हाताशी दांडगा कुत्रा. उजवीकडे पायऱ्यांवर थिजलेले सरदार. मध्ये फरशीवर बंडखोरांची मुंडकी गोल मांडलेली, आणि वरून सोडलेल्या दोराला आणखी एक मुंडकं. तो लोलक! बाराव्या शतकातली ही दंतकथा. साऱ्या राज्यात ऐकू जाईल अशी घंटा करतो, असं रामिरो म्हणाला होता म्हणे.

मला रक्तापेक्षा पायऱ्यांवरचे चेहरे छळतात. चित्राला आवाज नसतो. नाद रंगवायचा तर ऐकणाऱ्याच्या तोंडावरच रंगवावा लागतो. कासादोला ते साधलंय.

इथे माणसांची घंटा झाली. रशियात घंटेला माणसासारखी शिक्षा झाली. १५९१ साली उग्लिच गावात आठ वर्षांचा राजपुत्र दिमित्री गळा चिरलेला सापडला. कुणीतरी चर्चची घंटा बडवली. गाव धावलं आणि ज्यांच्यावर संशय होता त्यांना जमावानं ठार केलं. मॉस्कोहून चौकशी आली. मुलाचा मृत्यू अपघाती ठरला, गावकरी गुन्हेगार ठरले आणि त्यांच्याबरोबर घंटाही. सांगतात, तिला खाली पाडून फटके मारले, लोलक उपटला, टांगायचा कान तोडला. मग हद्दपार गावकऱ्यांसारखी तीही सैबेरियात, तोबोल्स्कला गेली. तीनशे वर्षांनी, १८९२ मध्ये, ती उग्लिचला परतली. फटके मारणाऱ्याला त्या वेळी काय वाटलं असेल? चाबूक धातूवर आपटला की बारीकसा नाद उठतोच. जिचं तोंड बंद करायचं, ती प्रत्येक फटक्याला बोलत राहिली असणार.

आपल्याकडच्या घंटांचं नशीब त्या मानानं बरं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा देवळांत आल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर त्यातली एक आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून आहे, कुणी ती तासून काढली नाही. आमच्या इतिहास-चित्रकारांनी घोडे आणि तलवारी पुष्कळ रंगवल्या. वसईच्या मनोऱ्यावरून दोर लावून ती घंटा खाली उतरवणारे मावळे कुणीतरी रंगवावेत. आणि त्या चित्रात घंटा लपवू नये. मेरीसकट, पूर्ण आकाराची, अगदी पुढे काढावी.