वारे आणि थंडावा

'गार', 'थंड' आणि 'शीतल' ह्या शब्दांच्या छटा वर्गात समजावून देताना मी पुष्कळ खडू झिजविला आहे. परंतु मोटारीविषयी बोलताना आम्ही भाषेचे शिक्षकसुद्धा मोघम होतो. "एसी नीट चालत नाही" एवढे सांगून मोकळे होतो. वैद्यापुढे बसून "बरे वाटत नाही" एवढेच म्हणावे, तशातला हा प्रकार. मग वैद्य हाताला लागेल ते औषध देतो.

माझी मोटार सोळा वर्षांची आहे. चोडण बेटावरून आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पणजीकडे न्यावे लागते. एरवी उकाडा मी खुशाल सोसला असता. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावे लागते. आईचे दिवसाचे पाणी एक लिटरच्या बाटलीत भरून ठेवलेले असते. मे महिन्यात मोटार आतून तापली की तिच्या घशाला कोरड पडे आणि दुपारपर्यंत बाटली तळाला जाई. उरलेला दिवस कसा काढायचा, हा प्रश्न मग आम्हां दोघींचाही होई.

एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडताक्षणीच कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला. आकडा ऐकून मी बॉनेट स्वतःच मिटले. परतताना आई सहज म्हणाली, "वारें येता, पूण थंड लागना."

त्या एका वाक्यात निम्मे निदान होते. वारे कमी आणि थंडावा कमी ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. वारेच कमी येत असेल तर दोष बहुधा आतल्या पंख्यात किंवा धुळीने गच्च झालेल्या फिल्टरमध्ये असतो. फिल्टर अनेक मोटारींत समोरच्या खणामागे असतो. काही जुन्या गाड्यांत तो मुळी नसतोच. वारे भरपूर आणि थंडावा नाही, म्हणजे शोध पुढे न्यावा लागतो.

हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. माठातले पाणी झिरपून वाफ होताना माठाची उष्णता घेऊन जाते, तेच येथे बंद नळीत घडते. आर-१३४ए नावाचा द्रव साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. समोरच्या फळीमागील जाळीत उकळताना तो आतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. आणि मोटारीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो पुन्हा द्रव होतो. ह्याहून जुन्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर तो क्रमाक्रमाने हद्दपार झाला.

"दरसाल गॅस भरा" हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. रायबंदरच्या बाजूला एक वृद्ध मेकॅनिक भेटले, त्यांचे मत मात्र निराळे. "टीचर, गॅस सोंपना, तो धांवून वता." नळीचक्र बंदिस्त असल्यामुळे गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो कमी झाला असेल तर गळला आहे. सांध्यापाशी तेलकट डाग दिसला तर संशय घ्यावा, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गळती न बुजविता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. (ह्या नळ्या घरी कोणी सोडू नयेत, तो द्रव डोळ्यांत गेला तर डोळा गोठवील.)

त्यांनी आधी दाब मोजला. गॅस पुरेसा होता. मग विचारले, थंडावा केव्हा जातो? त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार होते. प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी विज्ञानाच्या शिक्षकांकडून मागून आणला होता. पणजीहून येताना पाटो-रायबंदरच्या सतराव्या शतकातल्या लांबलचक पुलावर, मोटार वेगात असताना, झरोक्याशी ११ अंश. आणि धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभी राहिली की पाऊण तासाच्या आत २२.

मेकॅनिक हसले. इंजिन संथ चालते तेव्हा कॉम्प्रेसरही संथ होतो, थोडा फरक पडणारच, एवढा नव्हे. धावत्या मोटारीत समोरची हवा कंडेन्सरला निववते. उभ्या मोटारीत ते काम त्याच्या पंख्याचे. आमचा पंखा फिरतच नव्हता! खाऱ्या हवेने त्याच्या तारेच्या टोकावर हिरवी बुरशी धरावी तसा गंज चढला होता, आणि कंडेन्सरच्या पात्यांत चिखल, गवत, आंब्याचा वाळका मोहोर असा सगळा ऐवज साठला होता. त्यांनी टोक बदलले आणि पाती पाण्याच्या बेताच्या धारेने धुतली. जोराच्या फवाऱ्याने ती वाकतात म्हणे. खर्च एका फिल्टरच्या किमतीहून फारसा अधिक झाला नाही. कॉम्प्रेसर जुनाच आहे.

पुढच्या खेपेला फेरीबोट उशिरा आली. थर्मामीटर १४ वर होता. घरी पोहोचल्यावर पाहिले, आईच्या बाटलीत अर्धे पाणी शिल्लक होते.