कच्चा लिंबू कुठे गेला?

पोरं आळशी झालीत, मोबाईलनं त्यांना घरात डांबलंय, हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालं आहे की ते तपासून पाहावं असं कुणालाच वाटत नाही. मी तपासायला गेले आणि पहिल्याच आकड्यापाशी अडखळले. किशोरवयीन मुलांनी रोज सरासरी एक तास अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून 2019 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2016 मध्ये 81 टक्के मुलांची एवढी हालचाल होत नव्हती. आकडा मोठा आहेच, पण मला अडला तो त्याच्या शेजारचा. 2001 मध्ये हेच प्रमाण मुलग्यांत 80 टक्के आणि मुलींत 85 टक्के होतं. पंधरा वर्षांनी मुलगे 78 वर आले, मुली 85 वरच राहिल्या. 2001 साली आपल्याकडच्या मोबाईलवर फार तर साप खेळता यायचा! मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण तो ज्या संध्याकाळींत शिरला, त्या आधीच रिकाम्या झालेल्या होत्या, एवढं तरी या आकड्यांवरून मानावं लागतं.

त्या रिकाम्या कुणी केल्या? माझं उत्तर असं की मुलं खेळ सोडत नाहीत, खेळच त्यांना सोडतो. डबा ऐसपैस किंवा विषामृत खेळणाऱ्या टोळीत एक कच्चा लिंबू असायचाच. वयानं लहान, पळायला हळू, पण खेळात सामील. त्याच्यावर राज्य येत नसे, तरी धावायचा तोही तेवढाच. सातवी-आठवीनंतर ही जागा नाहीशी होते. शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. कबड्डीचा संघ दहा-बारा जणांचा, त्यातले सात मैदानात. वर्गात साठ मुलं असतील तर उरलेल्यांनी काय करायचं? गुण मांडायचे, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, नाहीतर पायऱ्यांवर बसून पी.टी.चा तास संपायची वाट बघायची. सहामाही जवळ आली की तोही तास गणिताच्या सरांकडे जातो. शिवाय तेराव्या-चौदाव्या वर्षी निवड होते ती पुष्कळदा कौशल्याची नव्हे, उंचीची. ज्याला मिसरूड आधी फुटलं तो संघात. ज्याचं शरीर दोन वर्षांनी भरणार, त्याच्या मनात ‘आपल्याला खेळ जमत नाही’ हे तोवर पक्कं होऊन बसतं.

मुलींच्या बाबतीत तर निवडीपर्यंतही गोष्ट जात नाही. पाळी सुरू झाली की कपडे, डाग, शाळेतलं बिनपाण्याचं स्वच्छतागृह आणि मैदानाच्या कडेला उभी राहून बघणारी पोरं, या सगळ्याचा हिशेब करूनच तिला पाऊल टाकावं लागतं. त्याच अभ्यासात भारताची स्थिती जगापेक्षा थोडी बरी, म्हणजे 74 टक्क्यांच्या आसपास दिसते. संशोधकांनी सुचवलेली कारणं मला बोलकी वाटतात: मुलगे गल्लीबोळांत क्रिकेट खेळतात म्हणून, आणि मुली घरकाम करतात म्हणून. पहिल्या कारणानं माझाच मुद्दा पक्का होतो. त्या क्रिकेटला निवड समिती नाही, फी नाही. गडी कमी पडला तर कुणालाही हाक मारतात. दुसऱ्या कारणाचा अभिमान कसा बाळगायचा? हंडे वाहणारी मुलगी तक्त्यात ‘सक्रिय’ ठरते, ती खेळते असं नव्हे.

यावर कुणी म्हणेल, चुरस नसेल तर खेळाडू घडणार कसे? चुरस हवीच. पण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शर्यतींकडे वळला तो सैन्यात भरती झाल्यावर, आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं. लहानपणी तो पायी शाळेत जायचा, धावायचा. पाय हलते राहिले म्हणून पुढचं घडलं. चौदाव्या वर्षी चाळणी लावून बाकीच्यांना घरी बसवणारी व्यवस्था असे किती पाय गमावत असेल, याची नोंद कुठेच होत नाही. दुसरा आक्षेप दहावीचा. मंडळ खेळाडूंना सवलतीचे गुण देतं, हे खरं. पण ते स्पर्धांत मजल मारणाऱ्यांना. ज्याला निव्वळ धावायला आवडतं, त्याच्या घरी दहावीच्या वर्षी सर्वांत आधी बंद होतं ते मैदान आणि सर्वांत शेवटी बंद होतो तो क्लास.

शिक्षण हक्क कायद्यानं 2009 मध्ये शाळेला मैदान सक्तीचं केलं. त्यावर कुणी खेळायचं, हे कायदा सांगू शकत नाही, ते पी.टी.च्या सरांच्या आणि बाईंच्या हातात आहे. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. आठवड्यातला एक तास शिट्टी खिशात ठेवा, संघातल्या बारा जणांना बाजूला बसवा आणि पायऱ्यांवरच्या अठ्ठेचाळीस जणांना मैदानात उतरवा.