पळसनाथाकडे जाणारी होडी

कळंब-वालचंदनगरकडच्या माणसाला पाण्यातलं काही जुनं पाहायचं झालं, की तो घाट उतरून मुरूड-जंजिरा गाठतो. आपल्याच इंदापूर तालुक्यात भीमेच्या पाण्यात जुनं पळसदेव उभं आहे, हे उजनी धरण ‘मायनस’मध्ये गेल्याच्या बातम्या येईपर्यंत ध्यानात नसतं. आम्हीही त्यातलेच. जंक्शन गाव ओलांडून, कालव्याचा ऊस मागे टाकत पळसदेव गाठलं ते भर उन्हाळ्यात, पण सकाळीच. दुपारनंतर वारं सुटतं.

महामार्गालगतचं हे पळसदेव नवं. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भीमाकाठच्या गावांबरोबर जुनं गावही पाण्याखाली गेलं. गावच्या देवाला, पळसनाथाला, नव्या गावात नवं देऊळ मिळालं. जुनं देऊळ मात्र जागेवरच राहिलं.

होडी मच्छीमाराची. तळाशी जाळ्यांचा ढीग, त्याला चिलापीचा वास. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं, त्यामुळे पाण्याच्या हिरवेपणाचं कौतुक करायचं कारण नाही. होडीवाले मामा इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होते, “हितं मळा व्हता, तिकडं विहीर.” आम्हाला दोन्हीकडे सारखंच पाणी दिसत होतं.

उजनीत साधारण 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीहून अधिक मृतसाठ्यात. म्हणजे कागदावर धरण शून्यावर आलं तरी निम्म्याहून जास्त पाणी असतंच. ते त्याच्याही खाली उतरू लागलं, की आधी जुन्या देवळाचं शिखर, मग मंडप, मग आवार मोकळं होतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. तेव्हा लोक गाळ तुडवत चालतच आले. आम्हाला मात्र होडी लागली, आणि खरं सांगायचं तर त्यातच मजा होती. खाली काळ्या दगडाचं हेमाडपंती बांधकाम, वर विटांचं शिखर. वर्षातले बरेच महिने पाण्यात राहूनही विटा धरून आहेत, हे हात लावून पाहिल्याशिवाय पटत नाही. आवारात वीरगळ आहेत. त्यांच्यावरही गाळाचा थर.

परतताना कुगावचा विषय निघालाच. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली. सहा जण बुडाले, एक पोहून काठाला लागला. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतल्या या गावांना होडी सहलीसाठी लागत नाही. दवाखाना, बाजार, पाहुणे, सगळं पलीकडे. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. आता शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली आहे.

पूल झाल्यावर धंद्याचं काय, असं विचारलं तर मामा हसले. “मान्सं जात्याल पुलावरनं. पळसनाथाला कोण पूल बांधतंय?”